बंगईच्या बारा खाचा

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. माझ्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांची रांग लावली तर ती आमच्या गावातून निघून थेट गोंदियाच्या स्टेशनापर्यंत जाईल. तरी मी सांगणार, कारण गोष्ट खरी आहे. निदान बरीचशी.

मी एक जुनी बंगई आहे. तुमच्यातले काही जण मला झोपाळा म्हणत असतील. लोकेंद्रच्या ओसरीत चार साखळ्यांना टांगलेली, बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाची एक जाड फळी. माझ्या डाव्या कडेला बारा खाचा आहेत. बारा. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

माझा जन्म काही बसण्यासाठी झाला नव्हता. आमचं गाव कोहळी समाजाच्या लोकांचं. त्यांच्या पूर्वजांना जमिनीचा जरा खोलगट तुकडा दिसला की तिथे तलाव बांधल्याशिवाय झोप येत नसे. अशाच एका तलावाच्या तोंडावर, जिथून शेतांना पाणी सुटतं तिथे, मला दार म्हणून बसवलं होतं. मला वर उचललं की पाणी सुटायचं, खाली दाबलं की थांबायचं. एका वर्षी एवढा पाऊस झाला की अख्खा तलाव मी एकटीने अडवून धरला. बांध होता, नाही म्हणत नाही. पण तो नुसता पसरून पडला होता, काम माझं चाललं होतं. एक म्हातारा मरळ मासा रोज येऊन मला पाढे म्हणून दाखवायचा. सारसांच्या एका जोडीचं लग्न माझ्या डोक्यावर बसून ठरलं. मुलीकडच्यांनी फार घासाघीस केली. असो.

मला उचलायचा आणि दाबायचा मान पुनारामचा. तो गावाचा पाणकर. कोणाच्या धानाला किती पाणी आणि कधी, हे सांभाळणारा माणूस म्हणजे पाणकर. माझ्या कडेला खाचा पाडल्या त्या त्यानेच. एक खाच वर उचलली की बांधाजवळच्या शेतांपुरतं पाणी, सगळ्या उचलल्या की पार शेवटच्या शेताच्या बांधीपर्यंत. घराघराच्या बाऱ्या, म्हणजे पाळ्या, ठरलेल्या. बारी आली की मोठ्या शेतकऱ्यालाही पाणी आणि अर्ध्या एकरवाल्यालाही. बारी नसताना पुनारामच्या सख्ख्या मेहुण्याने मला एकदा हात लावला होता, तर पुनाराम दिवसभर माझ्यावर बसून राहिला. जेवणही तिथेच मागवलं.

मग एके दिवशी लोखंडाचं दार आलं. चाक फिरवलं की उघडतं, असं. मला काढून देवळामागे टाकलं. चार वर्षं मी कोंबड्यांच्या सहवासात काढली. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, कोंबड्यांना माझ्याकडून काही शिकायची इच्छा नव्हती. शेवटी शेजारच्या लोकेंद्रचं लग्न ठरलं तेव्हा पुनारामने मला घासूनपुसून, साखळ्या लावून आहेरात दिलं. सगळ्यांनी भांडी दिली, त्याने तलावाचं दार दिलं. नवी नवरी राजकुमारी माझ्यावर पहिल्यांदा बसली आणि हसली. मला बरं वाटलं.

आता खरी गोष्ट.

राजकुमारीला मुलगी झाली, हर्षिता. ती चालू लागल्यापासून माझ्याकडे यायची, पण बसायची कधीच नाही. पालथी झोपायची. पाय एका बाजूला लोंबकळते, डावा हात माझ्या कडेवर, आणि कान माझ्यावर घट्ट टेकवलेला. बोटं एकेका खाचेवरून जायची, शेवटच्या खाचेवर थांबायची, परत पहिलीपासून. तासन् तास. हाक मारली तर मान वळायची नाही. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान झाकून कोपऱ्यात. बोलायचीच नाही असं नाही. मनात आलं की बसच्या कंडक्टरसारखं “चला, चला” म्हणायची, मग आठ दिवस काहीच नाही.

मला एकाच गोष्टीचं कुतूहल. ही कान लावून ऐकते काय? मी पुष्कळ तर्क केले. माझ्यात अजून तलावाचं पाणी वाजत असेल. किंवा साखळ्यांची कुरकुर तिला गाणं वाटत असेल. माझं बोलणं ऐकत असेल हा तर्क मी पहिल्याच दिवशी सोडून दिला, कारण माझं बोलणं आजवर कोणालाही ऐकू आलेलं नाही. तसं नसतं तर कोंबड्यांनी एवढा उर्मटपणा केला नसता.

गावाने आपले तर्क केले. कोणी म्हणे बहिरी आहे, कोणी म्हणे हट्टी. शेवटी गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईने नाव लिहून घेतलं आणि राजकुमारी मुलीला घेऊन गोंदियाला तपासणीसाठी गेली. आली ती माझ्यावर येऊन बसली आणि लोकेंद्रला म्हणाली, “स्वमग्न म्हणते तिथली डाक्टर मॅडम. आजार नोहे म्हणते. तिचं पाह्यनं, आयकनं आपल्यापरीस येगळं हाये.”

“मंग औषध?” लोकेंद्रने विचारलं.

“औषध नाही. आपुनच शिकाचं हाये म्हणते. दर शनवारी आईबापाईले बोलावते तिथं. फुलचूरच्या, कुडव्याच्या बाया येतात. एक बाई भेटली, तिचा पोरगाबी असाच कान झाकते. मी म्हनलं, बाई, मले वाटे सारा गोंदिया जिल्ह्यात मी एकलीच हावो.” आणि माझ्यावर बसून ती दुसऱ्यांदा हसली.

पण पुढचा शनिवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. बसचा भोंगा हर्षिताला सहन होत नसे, आणि तिला घरी ठेवून जायचं तर ठेवायचं कोणाजवळ? लोकेंद्र राइस मिलमध्ये, त्याला रविवारचीच सुट्टी. राजकुमारीच्या वाट्याला दिवसातला एक तास यायचा: संध्याकाळी हर्षिता माझ्यावर पालथी असे तेवढा. तेवढ्यात ती आंघोळ करी आणि दोन घास गरम खाई. तो तास मी देत होते, मित्रांनो. यात मात्र काडीचीही थाप नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते. गावोगावचे पाहुणे, रात्रीची नाटकं, घराघरात रंगरंगोटी. लोकेंद्रला वाटलं, बंगईही नवी दिसावी. राजकुमारीने एवढंच सांगितलं, “निळा आणा. तिले निळाच आवडते.” त्याने निळाच आणला. पण रंगाच्या आधी त्याने प्रेमाने, अगदी मन लावून, माझ्या सगळ्या खाचा पुट्टीने बुजवल्या. वरून दोन हात दिले. मी अशी गुळगुळीत झाले की माशी बसली तर घसरावी.

हर्षिता आली. पालथी झोपली. बोटं कडेवर गेली. परत गेली. मग ती उठली आणि किंचाळू लागली.

तीन दिवस ती माझ्याजवळ फिरकली नाही. जेवेना, झोपेना, डोकं भिंतीवर आपटे. पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि प्रत्येकाजवळ एक सल्ला. लोकेंद्रची आत्या गीताबाई म्हणाली, “लाड करून करून डोक्यावर बसवलं पोट्टीले. दोन धपाटे द्या, चूप होते का नाही पाहा.”

“आत्याबाई,” राजकुमारी म्हणाली, “धपाट्यानं होत असतं तं मॅडमनं चिठ्ठीवर धपाटेच लिहून देल्ले असते. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.”

पाहुणे हसले. ती हसली नाही. तिसऱ्या दिवशी ती ओसरीत, माझ्या खाली, जमिनीवर बसली आणि लोकेंद्रला हळूच म्हणाली, “माह्यानं होत नाही आता. दोन घास गरम खायची एक येळ होती माही. थेबी गेली.”

चौथ्या दिवशी पुनाराम आला. तो मंडईला लेकीच्या गावी गेला होता. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस आवाजावरून ओळखतो. येऊन माझ्यावर बसला, सवयीने कडेवर हात गेला, आणि थांबला.

“खाचा कुठी गेल्या?”

“पुट्टी मारली, बाबाजी,” लोकेंद्र म्हणाला. “गुळगुळीत केली.”

“कायले?”

“पाहुणे येऊन राहिले होते म्हनून.”

आतून हर्षिताचं रडणं येत होतं. पुनारामने तिकडे कान दिला. मग म्हणाला, “पान्याखाली डोये कामाचे नसतात रे. मी जल्मभर या फळीले बोटानंच पाह्यलं. तुही पोट्टीबी बोटानंच पाह्यते. पाहुण्याईसाठी तू तिचे डोये बुजवले. ईळा आन.”

विळ्याच्या टोकाने त्याने एकेक खाच कोरून काढली. सगळ्या. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हलले नाही. निळ्या रंगाचे कपचे ओसरीभर पडले. कोणी हर्षिताला बोलावलं नाही. पुनारामने तशी ताकीदच दिली होती. बऱ्याच वेळाने ती दारात आली. दुरूनच एक बोट लावलं. गेली. पुन्हा आली. पाचव्या खेपेला पालथी झोपली आणि कान टेकवला. राजकुमारी आत जाऊन ताट वाढून घेऊन आली, आणि सगळ्यांसमोर, गरम असतानाच, जेवली.

पुनाराम पाहत नव्हता, पण त्याला सगळं कळत होतं. त्याने शेजारच्या जमुनाबाईला हाक मारली, आणखी चार घरांना हाक मारली. म्हणाला, “उद्यापासून राजकुमारीच्या घरी बाऱ्या. रोज संध्याकाळी एक घर, एक तास. शनवारी सकायपासून दुपारवरी.”

“बुढा सरकला,” जमुनाबाई म्हणाली. “पोट्टी का तलावाचं पानी हाये, बाऱ्या लावाले?”

“पोट्टी पानी नोहे. राजकुमारी पानकर हाये. एकल्या पानकरानं सात वर्सं झोप नाही घेतली, आन तुमी सारे शेजारी उपराटे झोपून राह्यले. तुह्या धानाले पानी देताना मी कधी इचारलं का, हे धान तुहं का माहं?”

जमुनाबाई गप्प झाली. तिच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग. दुसरा पुढच्याच आठवड्यात आला. तिच्या पहिल्या बारीला ती लाडूचा डबा आणि तोंड दोन्ही उघडून आली, आणि हर्षिता कान झाकून माझ्याखाली शिरली. मग राजकुमारीने तिला मॅडमने सांगितलेलं सांगितलं: बोलायचं कमी, हात धरून ओढायचं नाही, आणि काही बदलायचं असेल तर तिला आदल्या दिवशी कळवायचं. कोणाची बारी आहे हे कळावं म्हणून राजकुमारीने प्रत्येक शेजाऱ्याचं चित्र काढून माझ्या साखळीला अडकवलं. जमुनाबाईचं चित्र मात्र मुद्दाम तोंड मिटलेलं काढलं. तिने ते बघितलं, “माह्यावानी नाही दिसून राह्यलं,” म्हणाली, आणि तासभर मुकाट्याने तांदूळ निवडत बसली.

एक घर, एक खाच, असा पुनारामचा हिशेब. आज नऊ घरं आहेत. काही मध्येच विसरतात, मग पुनाराम त्यांच्या दारात जाऊन बसतो आणि जेवण तिथेच मागवतो. हर्षिताच्या अंगात काही चमत्कार झाला नाही. कुकरची शिट्टी अजून होते, कान अजून झाकले जातात. पण राजकुमारी दर शनिवारी गोंदियाला जाते, आणि आता तीच तिथल्या नव्या आयांना बाऱ्या कशा लावायच्या ते समजावते.

आज शनिवारच आहे. बारी जमुनाबाईची. ती तांदूळ निवडते आहे, आणि हर्षिता नेहमीसारखी माझ्यावर पालथी, कान टेकवून, बोटं खाचांवर. ती ऐकते काय हे मला अजून कळलेलं नाही.

तर मित्रांनो, शेवटची विनंती. तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल. तिथे सल्ला घेऊन जाऊ नका, तो त्यांच्याकडे भरपूर आहे. एक तास घेऊन जा. आधी त्या आईला विचारा कसं बसायचं, काय टाळायचं, आणि मग ठरल्या वेळी या, ठरल्या वेळी जा. आमच्याकडचंच सांगते. घरं नऊ आणि खाचा बारा. तीन खाचा अजून रिकाम्या आहेत. त्या पुनारामने खास तुमच्यासाठीच पाडून ठेवल्या होत्या, त्या काळीच, पुढचं ओळखून. तुमच्यातल्या कोणी तरी यावं म्हणून मी त्या बारा खाचा इतकी वर्षं जपून—

माझ्या कडेवरचं बोट पहिल्या खाचेपासून एकेक खाच मोजत शेवटच्या खाचेवर थांबलं.

“नऊ,” हर्षिता म्हणाली.