अंकुरबाबांचं पाणी आणि दहा तास

मक्याच्या तिसऱ्या पानावर, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, चार मिलिमीटर रुंदीचा फिकट पट्टा होता. शेजारच्या ट्रेमधली रोपं मात्र गर्द हिरवी. पंधरा दिवस दोन्ही ट्रेमधली रोपं मीच वाढवली होती. ते ट्रे घेऊन मी अंकुरबाबांची सभा भरली होती त्या गोदामात शिरले.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. "जेवढी श्रद्धा तेवढा अंकुर!" अंकुरबाबा गरजत होते. "बियाणं तीन दिवस माझ्या मंत्राच्या पाण्यात ठेवा. शंका घ्याल तर कोंब कुजेल!"

रांगेत माझे काका घरच्या मक्याचं सगळं बियाणं घेऊन उभे होते. हा वाण दुसऱ्या कुणाकडे उरलेला नाही. शेजारी काकू पोत्यावर हात ठेवून उभी. शेत ती कसते, ठरवतात काका. वीस वर्षं हेच.

मी ट्रे मांडले. "बाबा, यातला मंत्राचा कुठला?"

"हा काय हिरवा! तेज लपतं का, बाई?"

"त्याला मंत्र लागलेलाच नाही. फिकट आहे तो तुमचा. माझ्या बाटलीतल्या साध्या पाण्यावर तुम्हीच मंत्र म्हटला होतात."

बाबांनी लगेच हात उंचावला. "माझी लहर शेजारच्या ट्रेमध्ये गेली!"

"स्वतःच्या ट्रेमध्ये जायला लाजली होय?" मागून ट्रॅक्टरवाला ओरडला. लोक हसले.

मी माती तपासण्याचं काम करते. मी लोकांना सांगितलं, इथल्या मातीत जस्त कमी आहे. हिरव्या ट्रेचं बी मी लिटरला अर्धा ग्रॅम झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचं खत, घातलेल्या पाण्यात दहा तास भिजवून सुकवलं होतं; फिकट ट्रेचं तेवढेच तास मंत्र म्हटलेल्या साध्या पाण्यात. बाबा लोकांना मंत्राचं म्हणून देतात ते हंड्यातलं पाणी तपासलं, तर त्यातही तेच निघालं.

"म्हणजे गुण येतोच ना?" काका म्हणाले.

"दहा तासांत येतो. तीन दिवसांत हे होतं." त्या हंड्यातल्या पाण्यात तीन दिवस ठेवलेल्या बियांचा डबा मी उघडला. वासानेच पुढची रांग मागे सरली. "बी पाण्यात गुदमरून कुजतं. मग बाबा म्हणतात, तुम्ही शंका घेतलीत. यांनी दुकानातलं औषध उचललं, वेळ मात्र मनाची सांगितली. कुणीही पाणी दिलं तर विचारा: त्यात काय आहे, किती, किती वेळ? उत्तर देत नसेल तर बियाणं देऊ नका."

काका कुजबुजले, "पण बाबांना दुखवायचं कसं?"

काकूने पोत्याचं तोंड घट्ट बांधलं.

"अहो, पोतं उचला. यंदापासून पेरणीचं मी ठरवणार."