अर्ध्या तासाची गोळी

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सात वाजता एगॉन मागच्या दाराने आत यायचा, आणि रिग्मोर फसफसणारी पांढरी गोळी पाण्यात टाकून पेला त्याच्यापुढे ठेवायची. दारू सोडण्याची ही गोळी कुणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यायची, असा डॉक्टरांचा दंडक. एगॉनने साक्षीदार म्हणून नाव दिलं ते बायकोचं, जिने दोन वर्षांपूर्वी त्याला घराबाहेर काढलं होतं. लेमविग गावभर हसू झालं. हसू दे.

"तोंड उघड."

"बावीस वर्षं संसार केला, तरी अजून झडती?"

"केला म्हणूनच झडती."

मग तो ओकून टाकू नये म्हणून अर्धा तास समोर बसवून ठेवायचं. कॉफी, राईचा पाव, चीज. ओकायची खोड त्याने कधीच सोडली होती, पण रिग्मोरने त्या अर्ध्या तासातलं एक मिनिटही कमी केलं नाही. साडेसातला तो होड्यांच्या कारखान्यात जायचा, आणि तिला पुढचा सोमवार किंवा गुरुवार डोंगराएवढा लांब वाटायचा. तिला तो परत हवा होता. पण हे बोलायचं कसं? बाहेर तर तिनेच काढलेलं.

एका बुधवारी नर्स इंगरचा फोन आला.

"गोळी बंद करा. त्याच्या यकृताला सोसत नाहीये."

"मग तो पुन्हा पिईल?"

"लगेच प्यायला तर तोंड लाल होऊन उलट्या होतील. दारूचं शरीरात आधी विष होतं, आणि ते विष निस्तरणारं एक एन्झाइम असतं. गोळी त्यालाच जखडून टाकते. जखडलेलं काही सुटत नाही, पेशींना नवंच घडवावं लागतं. शेवटच्या गोळीपासून चौदा दिवस धरा. पुढे त्याचं तो बघेल."

फोन ठेवला तरी रिग्मोरच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. गोळी नाही, तर सोमवार नाही आणि गुरुवारही नाही.

गुरुवारी तिने पेल्यात जीवनसत्त्वाची गोळी टाकली. पाणी नारिंगी झालं. तरी पेला पुढे केलाच.

एगॉनने पेला उजेडाकडे धरला. "रंग बदलला?"

"नवीन आलीय."

"बरं," म्हणून त्याने एका दमात पेला रिकामा केला.

तो सोमवारी आला, गुरुवारी आला. खोटं बोलायची रिग्मोरला सवय नव्हती, आणि दिवस तर ती बोटांवर मोजत होती. पुढच्या सोमवारी चौदा भरले. एगॉनच्या शरीरात नवं एन्झाइम आता तयार झालं असेल, तो वाटेल तेवढी पिऊ शकेल, आणि त्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. त्याने पेला संपवला तशी ती बोलून गेली.

"एगॉन, ती गोळी नव्हे. खरी कधीच बंद झालीय. इंगरने मला सांगितलं, मीच तुझ्यापासून लपवलं."

एगॉन पावावर चीज ठेवत राहिला.

"ठाऊक आहे. त्याच बुधवारी ती कारखान्यातही येऊन सांगून गेली. बायकोवर भरवसा नसेल तिचा."

"अरे, मग हे नारिंगी पाणी मुकाट्यानं का ढोसत होतास?"

त्याने मान वर केली. बायकोकडे इतका वेळ त्याने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मी काही बोललो असतो, तर अर्धा तास गेला असता ना, रिग्मोर."

तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. घड्याळात साडेसात वाजले.

"वेळ झाली," ती सवयीने म्हणाली.

"कसली?" असं म्हणत एगॉनने कॉफीचा कप पुढे केला, आणि तिने तो काठोकाठ भरला.