सहा नंबरचं रान

शनिवारी दुपारी अडीच वाजता पूजाने तिसऱ्यांदा तीच आज्ञा टाइप केली आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं: सहा नंबरच्या कप्प्यातली मांडणी ओळखता येत नाही, ती बिघडली असावी.

"म्हणजे गेलं," ती म्हणाली.

यशोधरा पडद्याकडे बघत राहिली. सोमवारी, १५ मार्च १९९९ला, सकाळी दहाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. दोघींचं मिळून एकच प्रोजेक्ट होतं, जिल्ह्यातल्या एसटी गाड्यांचं वेळापत्रक. चार महिन्यांचं काम यशोधराच्या केडगावच्या या घरातल्या कॉम्प्युटरवर, जुन्या लिनक्समध्ये होतं. ज्या फ्लॉपीवर प्रत काढली होती ती गुरुवारपासून उघडत नव्हती, आणि नवी आणायची राहून गेली होती.

सकाळी पूजा एका मासिकाबरोबर मिळालेली सीडी घेऊन आली. तिच्यात नवं लिनक्स होतं, रंगीत खिडक्यांचं. परीक्षकांसमोर प्रोग्राम उठून दिसेल, असं तिला वाटलं. हार्ड डिस्कचा पाच नंबरचा कप्पा रिकामाच होता. तो पुसून तिने त्या जागेत नवा कप्पा केला आणि त्यात नवं लिनक्स टाकलं. मशीन पुन्हा सुरू केल्यावर लिलोने, म्हणजे कोणती सिस्टिम चालू करायची ते विचारणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, फक्त नव्याचं नाव दाखवलं. नव्याचा लिलो जुन्या लिलोच्या जागी जाऊन बसला होता. इथपर्यंत दोघींना कळलं. जुन्याचं नाव यादीत घालायला त्यांनी त्याचा सहा नंबरचा कप्पा उघडायला घेतला, आणि तो उघडेना.

"सहा नंबर फॉरमॅट करते," पूजा म्हणाली. "जुनं परत टाकू, उद्या दिवसभर बसून प्रोग्राम लिहून काढू."

"चार महिने एका रविवारात? तू लिही, मी तुला पोहे करून घालते."

"टोमणे नंतर मार गं. दुसरं काही सुचतंय का?"

शेजारच्या खोलीतून यशोधराचे वडील भीमराज बाहेर आले. सकाळपासून दोघींचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं. भूमी अभिलेख खात्यात तीस वर्षं जमीन मोजून ते निवृत्त झाले होते. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

"पूजा, सहा नंबर तुला कुणी सांगितला?"

"काका, तो पहिल्यापासून सहाच आहे."

"पहिल्यापासून म्हणजे आजच्या फाळणीच्या आधीपासून?"

पूजाने यशोधराकडे पाहिलं. "फाळणी?"

"तू पाच नंबर पुसलास न्हाई का? मग फाळणीच की ती," भीमराज खुर्ची ओढून बसले. "पाथर्डीकडं जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कारभारी नावाचे एक म्हातारबाबा हापिसात बोंबलत आले. म्हनले, माझ्या नंबरात वढा दाखवत्यात, माझं रान गेलं कुठं? रान हुतं तिथंच. म्हातारबाबा जुना नंबर सांगत हुते."

"पप्पा, ही जमीन नाही."

"नसू दे. हद्दी दिसतात का याच्यात?"

यशोधराने कप्प्यांचा तक्ता काढला. कप्पा कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत, ते त्यात लिहिलेलं असतं. भीमराजांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"पाच, दोनशे एकसष्ट ते पाचशे पंधरा. सहा, पाचशे सोळा ते पाचशे तेवीस. सात, एकशे एकतीस ते दोनशे साठ." ते थांबले. "हा सातवा पाचाच्या अलीकडं कसा?"

पूजा वाकली. "तो मी शेवटी केला. म्हणून शेवटचा नंबर मिळाला. जागा मात्र जुन्या पाचचीच आहे."

"आणि सहा एवढुसा? आठच? यशो, तुझं केवढं होतं?"

"दोन जीबी." यशोधराचा आवाज बदलला. "हे आठ म्हणजे स्वॅप आहे. मेमरी कमी पडली की मशीन वापरतं ती जागा. ती सात नंबरला होती. पाच पुसल्यावर मागचे सगळे एकेकाने पुढे सरकलेत!"

"मग मी मघापासून स्वॅपचंच दार वाजवतेय," पूजा म्हणाली. "आणि त्यालाच जुनं लिनक्स समजून फॉरमॅट मारणार होते."

तिने पाच नंबर उघडायची आज्ञा दिली. मशीनने काहीच तक्रार केली नाही. यादी मागितल्यावर चार महिन्यांच्या फायली एकाखाली एक आल्या. पूजा लगेच लिलोच्या यादीत लिहायला लागली, तेव्हा यशोधराने तिचं मनगट धरलं.

"थांब. जुन्याच्या आत, आपला कप्पा कुठला ते लिहिलेला, त्याचा स्वतःचाही एक कागद आहे. त्यात अजून सहाच लिहिलंय."

"म्हणजे सातबारा बदलला, पण मालकाला सांगितलंच न्हाई," भीमराज म्हणाले.

दोन्ही ठिकाणी सहाचे पाच झाले. लिलोने दोन नावं दाखवली, यशोधराने जुनं निवडलं. ओळी पळाल्या, मध्ये एक ओळ सात नंबरवर स्वॅप सापडत नाही म्हणून कुरकुरली, आणि पासवर्डची जागा आली.

"काका," पूजाने विचारलं, "आता नवं पुसलं तर? ते तर शेवटचं आहे, कुणाचाच नंबर सरकणार नाही."

भीमराज विचारात पडले. "बरोबर वाटतंय."

"नंबर नाही सरकणार," यशोधरा म्हणाली, "पण लिलोची यादी आता नव्यातच आहे. नवं गेलं की जुन्याकडे जायची वाटच बुजली."

पूजाने सीडी बाहेर काढली आणि पाकिटात सरकवली. "मग राहू दे त्याला. दोन फ्लॉप्या आणते, दुकान बंद व्हायच्या आत."

"चार आण," यशोधरा म्हणाली. "आणि तू येईपर्यंत मी या मशीनला हात लावत नाही."