बारकू भोये यांची संमती

डॉ. तृप्ती कुलथे यांनी चार पानी कागद फिरवून संपदासमोर ठेवला आणि तिसऱ्या पानावरच्या एका ओळीखाली पेनाचं टोक टेकवलं.

“हे कोण, माहीत आहे तुम्हाला?”

संपदाने वाकून वाचलं. बारकू लहानू भोये, तालुका सुरगाणा. बाकी मजकूर टाइप केलेला होता, हे नाव तेवढं आईच्या अक्षरात. तिने भावाकडे पाहिलं. मयुरेशने नकारार्थी मान हलवली.

एकोणीस दिवस दोघांची आई सुधाबाई व्हेंटिलेटरवर होत्या. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून त्यांनी डोळे उघडले नव्हते, आणि त्या आता परत येणार नाहीत असं तीन डॉक्टरांच्या मंडळाने लिहून दिलं होतं. आईने दीड वर्षापूर्वी आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल असा कागद करून ठेवला आहे, हे मुलांना आज कळत होतं. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आपल्याकडची प्रत हॉस्पिटलात आणून दिली होती.

“कागद पक्का आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन साक्षीदार आहेत, नोटरी आहे. महापालिकेकडे ठेवलेल्या प्रतीशी आम्ही ताडून पाहिलाय. बरं होण्याची आशा नसेल तर यंत्रावर ठेवू नका, असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. आता दुसरं मंडळ बसेल. पण त्यांनी नेमलेल्या माणसाची संमती लागते. ती मिळाली की मॅजिस्ट्रेटना कळवायचं, आणि मग यंत्र काढायचं.”

“आणि आमची संमती?” मयुरेशने विचारलं.

“तुमच्याशी बोलल्याशिवाय आम्ही काही करणार नाही. पण कागदावर नाव यांचं आहे.”

“हा माणूस सापडलाच नाही तर?”

“तर आम्हाला या कागदावर पुढे जाता येणार नाही.”

बाहेर आल्यावर मयुरेश जिन्यापाशी थांबला. “ताई, शोधायचंच नाही याला.”

मोबाईलच्या पाठीवर संपदा बोटाने तेच आडनाव पुन्हा पुन्हा लिहीत होती. सत्तर वर्षांच्या आयुष्यात आईने पोटच्या दोन मुलांना सोडून हा माणूस निवडला, आणि त्याचं नावही कधी घरात उच्चारलं नाही. यंत्राचं काय करायचं ते नंतर. आधी हा कोण, ते तिला बघायचं होतं.

सकाळच्या एस.टी.ने ती सुरगाण्याला उतरली आणि भोयेंचं गाव विचारत पुढे जीपमध्ये बसली. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं आई या भागात नर्स होती, एवढंच तिला ठाऊक होतं. त्या दिवसांबद्दल आई फार सांगत नसे.

बारकू घरासमोरच्या खळ्यावर नागलीची कणसं झोडपत होता. पंचाहत्तरीच्या घरातला, काटक. संपदाने आईचं नाव सांगितलं तशी त्याने हातातली काठी भिंतीला टेकवली.

“बाई हायेत का गेल्या?”

“आहेत. पण...”

“मंग तो कागद आला म्हनायचा.”

त्याने आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली प्रत आणली. त्याला वाचता येत नव्हतं. पण सुधाबाई स्वतः इथे येऊन, दिवसभर थांबून, ओळ न् ओळ समजावून गेल्या होत्या.

“तुम्हालाच का नेमलं आईने?”

बारकूने सुनेला चहा टाकायला सांगितला. मग खळ्याच्या कडेला बसला.

“माजी पोरगी बाळंतीण व्हती. ताप डोक्यात गेला. मी म्हनलो, बाई, आता नाय राहत ही, घरातच असूंदे. तिची आई हाय, बहिनी हायेत. बाईंनी नाय ऐकलं. जीप बोलावली, नाशकाला नेली. चार दिवस नळ्या लावल्या. तिथंच गेली.”

“म्हणजे आईचं चुकलं.”

“नाय पोरी. जगली असती तर बाईंचंच बरोबर व्हतं.” त्याने खळ्यावरचे दाणे हाताने एकीकडे सारले. “मी कधी बोललो नाय त्यांना. त्या गेल्या साली आल्या नि म्हनाल्या, बारकू, तवा तुजा शब्द मी घेतला नाय. आता माज्या टायमाला तुजा शब्द चालंल, तसं कोर्टाच्या कागदावर लिवलंय.”

संपदाने चहाची कपबशी उचलली आणि तशीच खाली ठेवली. आपली चूक झाली असं म्हणताना तिने आईला उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारकू हॉस्पिटलात आला. दुपारपर्यंत तो अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेरून सुधाबाईंकडे बघत उभा राहिला. मग डॉक्टरांच्या टेबलाशी बसून एकेक विचारू लागला.

“यंत्र काढलं तर त्यांना त्रास व्हईल?”

“नाही. त्रास होऊ नये म्हणून औषध चालू राहील.”

“किती येळ?”

“काही मिनिटं. काही तासही. सांगता येत नाही.”

“तवा जवळ कोन असतं?”

“सिस्टर असते. नातेवाईकांपैकी एकाला थोडा वेळ सोडतो.”

बारकूने शाईच्या पॅडकडे गेलेला हात मागे घेतला.

“पोरं दोघं बसतील. शेवटपर्यंत. तसं असंल तर अंगठा देतो.”

“अतिदक्षता विभागाचे नियम असतात, बाबा.”

“ठावं हाय. चार दिवस बाहेर बसलो व्हतो मी. आमच्यातल्या कुनालाच आत घेतलं नाय.”

डॉक्टरांनी पेन बंद केलं, पुन्हा उघडलं. मग फोन उचलून सिस्टरला कोपऱ्यातली खोली रिकामी करायला आणि दोन स्टुलं ठेवायला सांगितलं. बारकूने अंगठा उठवला. मयुरेश इतका वेळ खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. तो वळून टेबलापाशी आला.

मंडळाचा निर्णय झाला, मॅजिस्ट्रेटना पत्र गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला यंत्र बंद केलं. संपदाने आईचा डावा हात धरला होता, मयुरेशने उजवा. आधी खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटली, मग आईचा स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला, विरळ, आपल्या गतीने चाललेला. बाराच्या आधी तो थांबला.

संपदा आईचे केस सारखे करत बसली. मयुरेश उठून बाहेर आला. बारकू बाकावर बसला होता, सकाळपासून तिथेच. मयुरेश त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

“तुमच्या मुलीचं नाव काय होतं?”

बारकूने वर पाहिलं. हे विचारलं जाईल असं त्याला वाटलं नसावं.

“यशोदा,” तो म्हणाला, आणि बाकावर थोडा सरकून बसला.