दगड नसलेली समाधी

अणदूरच्या वाटेवर डाकबंगल्यामागचा माळ निजाम सरकारच्या अंमलदारांनी गोल्फसाठी घेतला, तेव्हा लिंगायतांची जुनी समाधीभूमी, मृतांना बसवून पुरायची जागा, त्यातच आली. समाध्या कुणी हलवल्या नाहीत. क्लबाच्या ओसरीवर खेळाच्या स्थानिक नियमांची फळी होती, तिच्यावर एक नियम वाढवला: चेंडू समाधीच्या दगडापाशी अडला तर उचलून बाजूला ठेवावा, दंड नाही. अशी फळी प्रत्येक मैदानावर असते. जिथं जे आडवं येतं, त्याचा नियम तिथले लोक करतात.

नवी समाधी मात्र तिथं करायची नव्हती. गावाला त्यासाठी ओढ्यापलीकडं जागा मिळाली होती.

१९४३ साली शिवलिंग तापानं गेला. त्याचा धाकटा भाऊ रेवणसिद्ध त्याच मैदानावर चेंडू शोधायच्या कामाला होता. शिवलिंगची बायको चन्नम्मा त्याला घेऊन क्लबाचे सेक्रेटरी व्यंकटराव यांच्याकडे गेली. व्यंकटराव हैदराबादहून आलेले इंजिनियर. आवाज न चढवणारा माणूस.

"साहेब, माजी पोर त्या माळावर पुरलीय," चन्नम्मा म्हणाली. "बापाला तिच्याशेजारी बसवायचंय. पुढं मलाबी तितंच."

"देखो बाई, आज तुला दिली की उद्या सगळा गाव येईल."

"न्हाय येनार. न्हाय म्हनू नका, साहेब. मानूस घरात बसवून आलेय."

व्यंकटराव म्हणाले, "ठीक आहे. पण वर काही दिसता कामा नये. दगड नाही, मातीचा ढीग नाही. जमीन होती तशी सपाट."

"व्हय साहेब."

बाहेर आल्यावर रेवणसिद्ध म्हणाला, "वैनी, दगडाबिगर समाधी कशी?"

"गप बसा, भावजी. कुठं हाय ते मला ठावं हाय न्हवं?"

शिवलिंगला खड्ड्यात मांडी घालून बसवला. भोवती मीठ, विभूती, बेलाची पानं घातली. माती लोटल्यावर उरलेली चन्नम्मानं टोपल्यांत भरायला लावली. विधीला आलेले जंगम विरुपाक्षय्या म्हणाले, "ढीग शोभेचा नसतो, अव्वा. मोकळी माती खाली बसते, मीठ विरतं, देहसुद्धा. वरची माती ती जागा भरून काढते."

"साहेबाला शब्द दिलाय, स्वामी."

माती ओढ्यात गेली.

दिवाळीपर्यंत तिथं परातीसारखा खळगा पडला. मग त्याची खोली वाढत गेली. सहाव्या निशाणाकडं मारलेले चेंडू घरंगळत तिथं जमू लागले. रेवणसिद्धाबरोबर काम करणारा बब्रुवान म्हणाला, "रेवणा, तुजा भाऊ बी लागला की रं कामाला! समदे चेंडू तोच गोळा करतोय." बाकीचे हसले. रेवणसिद्ध खळग्यात उतरून चेंडू उचलत राहिला.

चन्नम्मा मातीची टोपली घेऊन आली तेव्हा व्यंकटरावांनी तिला थांबवलं.

"भरू नको, बाई. साहेब लोकांना तो खळगा पसंत पडलाय. इथं एक अडथळा हवाच होता. त्यात वाळू घालणार आहोत."

"वाळू कशाला?"

"चेंडू वाळूत गेला की तिथूनच मारून बाहेर काढायचा. त्यातच खेळाची मजा आहे."

"माज्या मान्साच्या अंगावर काठी मारायची?" तिनं टोपली खाली ठेवली. "साहेब, समाधीपासनं चेंडू उचलत्यात. फळीवर लिवलंय तुमच्या."

"दगडापासून उचलतात. तसंच लिहिलं आहे. इथं दगड कुठं आहे?"

"तुमीच नगं म्हनला!"

"हो. म्हणून तर परवानगी देता आली." तिला नीट कळावं म्हणून त्यांनी हे पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.

वाळू आली. शुक्रवारी सुट्टीचा खेळ होता. एका न्यायाधीश साहेबांचा चेंडू वाळूत अडकला. ते काठी निवडत होते, तेवढ्यात चन्नम्मा आली आणि खळग्याच्या मधोमध मांडी घालून बसली. साहेब काठीवर टेकून वाट पाहू लागले. मग कुणीतरी रेवणसिद्धाला हाक मारली.

"वैनी, उठा."

"ह्यो तुमचा थोरला भाऊ न्हवं, भावजी? त्याच्यापासनं तुमी मला उठवताव?"

"शिपाई उठवतील. त्यापरीस म्या उठवलेलं बरं."

ती हलली नाही. त्यानं तिच्या काखेत हात घालून तिला उभी केली, काठावर नेऊन बसवली. वाळूत तिच्या बसण्याचा ठसा राहिला होता. तो चेंडूच्या अगदी लगत होता.

न्यायाधीशांनी व्यंकटरावांकडे पाहिलं. व्यंकटराव म्हणाले, बाहेरच्या माणसानं वाळू बिघडवली असेल तर ती पहिल्यासारखी करून देता येते. खेळाडूचा तोटा होऊ नये.

रेवणसिद्धानं दाताळं आणलं. तो पुन्हा खाली उतरला. चेंडूला धक्का लागू नये म्हणून वाकून, हळूहळू, त्यानं ठसा पुसला. काठावरून चन्नम्मा पाहत होती.

पहिल्या फटक्यात चेंडू निघाला नाही. दुसऱ्यात निघाला. रेवणसिद्धानं पडलेला खड्डा सारखा केला, आपली पावलं पुसत पुसत मागं सरला आणि पुढच्या निशाणाकडं गेला.