पाच सुपांची पोच

"तुम्ही खोटं बोलताय, आणि आपण खोटं बोलतोय हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे."

अर्जाचं पहिलं वाक्य कौशल्याबाईंनी असं सांगितलं आणि उत्कर्षाची बोटं लॅपटॉपवर थांबली. हिंजवडीच्या कंपनीत ती दिवसाला पन्नास ईमेल लिहायची, पण एकाचीही सुरुवात अशी नसायची. वर 'महोदय' तरी घालू का, असं तिनं सासूला विचारलं.

"घाल की," कौशल्याबाई म्हणाल्या. "पण या वाक्यानंतर."

कसबा पेठेतल्या त्या बुरूडांच्या गल्लीत घरं दहा-बारा. घरं कसली, खोल्याच. सगळा धंदा दारापुढच्या जागेत. वीस फुटी बांबू दहा फुटी खोलीत फोडता येत नाही, हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. पण पालिकेच्या कचेरीत नेमके इंजिनियरच बसलेले. त्यांची नोटीस आली. दारापुढचे बांबू म्हणजे अतिक्रमण, पंधरा दिवसांत उचला, तिथे पार्किंग होणार. सुनावणी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. जागा गेली की बांबू गेला, बांबू गेला की गल्ली गेली. मग बुरूडांनी धायरीच्या पुढे कुठेतरी भाड्यानं राहावं आणि प्लास्टिकच्या बादल्या विकाव्यात, एवढंच नोटिशीत लिहायचं राहिलं होतं.

कौशल्याबाई घाबरल्या नाहीत. गल्लीकडे कौल होता. पेशवाईत पेठेत वसायला कारागीर हवे होते, तेव्हा सरकारनं बुरूडांना लिहून दिलेला हक्काचा कागद. दर दसऱ्याला कोयत्यांशेजारी तो पाटावर मांडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि थोरल्यानं तो मोठ्यानं म्हणायचा. म्हणायचा, वाचायचा नाही. मोडी लिपी गल्लीत चार पिढ्या कुणालाच येत नव्हती. सासरे सोनबा गेल्यावर म्हणायची पाळी कौशल्याबाईंच्या नवऱ्याची, बापूरावांची आली. ते तिसऱ्या ओळीत अडकले. मागे उभ्या कौशल्याबाईंनी डोक्यावरचा पदर न ढळू देता उरलेला कौल म्हणून टाकला. दोन-चार म्हातारे कुरकुरले, पण त्यांनाही पुढची ओळ आठवत नव्हती. तेव्हापासून त्याच म्हणतात.

नोटीस आली त्याच दिवशी कौल फडक्यात बांधून त्या कचेरीत गेल्या. साहेबांनी कागद उजेडात धरला. शिक्का कुठाय, असं विचारलं. कौशल्याबाईंनी बोट दाखवलं. तिथे लालभडक, बोटभर जाडीचा थर होता. दोनशे वर्षं गल्लीनं कुंकू नेमकं शिक्क्यावरच वाहिलं होतं. देव मानला होता त्याला.

"आजी," साहेब म्हणाले, "ही सनद आहे की लग्नपत्रिका?"

सगळी कचेरी हसली. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं: कागद बनावट, गल्लीला कोणताही हक्क कधीही दिलेला नाही.

घरी आल्यावर उत्कर्षा खरं तेच बोलली. म्हणाली, आई, शिक्का कचेरीनं नाही पुसला, आपणच पुसला. कौशल्याबाईंना ते झोंबलं. पण खोटं नव्हतं, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी सुनीतीताईंकडे गेल्या. सुनीतीताई मोडी वाचणाऱ्या, जुन्या दप्तरखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी भिंग लावून वाचायला सुरुवात केली आणि कौशल्याबाई सोबत म्हणत गेल्या. घरांपुढील जागा बांबू ठेवावयास व फोडावयास दिल्ही असे. कोणी मुजाहीम होऊ नये, म्हणजे आडवं येऊ नये. सुनीतीताईंचं भिंग थांबेना आणि कौशल्याबाईंचं तोंड थांबेना. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

तरी सुनीतीताईंनी साफ सांगितलं की मजकूर खरा वाटतो, पण शिक्का वाचता येत नाही, तेव्हा लेखी दाखला देणार नाही. कौशल्याबाईंना राग आला नाही. उलट बरं वाटलं. या शहरात कुणीतरी न बघता सही करत नाही.

मग सुनीतीताई शेवटची ओळ वाचून हसल्या. या हक्काच्या बदल्यात बुरूडांनी दरसाल पाडव्याआधी पाच सुपं कचेरीत पोचवावीत, असं होतं. त्या म्हणाल्या, हे तरी सुटलं तुमचं.

"सुटतंय कशाला?" कौशल्याबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी मीच दिली. पोच आहे."

सुनीतीताईंनी भिंग खाली ठेवलं.

राज्यं बदलली, कचेरीचा पत्ता बदलला, खुर्चीतला माणूस तर दर तीन वर्षांनी बदलतो. पाच सुपं मात्र कधी चुकली नव्हती. कचेरी ती घेत होती, कारण फुकट आलेलं परत करायची तिला सवय नव्हती. हल्ली भांडारातला कारकून पोपट दर वर्षी पोच लिहून शिक्का मारायचा. बापूरावांनी त्या पोचा कोयत्याच्या खुंटीशेजारी तारेत ओवून ठेवल्या होत्या. सर्वांत जुनी एकसष्ट सालची. उत्कर्षानं त्या रात्री तार सोडवली आणि एकेक कागद फोनवर टिपून घेतला. अक्षरं वेगवेगळी, वाक्य एकच: 'बुरूड गल्लीकडून कौलाप्रमाणे सुपे पाच मिळाली.'

कौलाप्रमाणे. कचेरी स्वतःच्या हातानं साठ वर्षं तेच लिहीत होती आणि तिनं ते एकदाही वाचलं नव्हतं.

तेव्हाच कौशल्याबाईंनी अर्ज सांगायला घेतला. पहिलं वाक्य बदलायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

सुनावणीच्या दिवशी त्या हिरवं लुगडं नेसून गेल्या. डोक्यावर पाच कोरी सुपं. शेजारी उत्कर्षा, मागे बापूराव, हातात तार. साहेबांनी अर्जाचं पहिलं वाक्य वाचलं, त्यांचा चेहरा उतरला, आणि ही भाषा चालणार नाही असं ते म्हणाले. उत्कर्षानं शांतपणे सांगितलं, भाषेची सुनावणी वेगळी लावा, आज जागेची आहे. हिंजवडीच्या मीटिंगांचा सराव तिला पहिल्यांदाच उपयोगी पडल्यासारखा वाटला.

बापूरावांनी तार टेबलावर ठेवली. साहेबांनी चार पोचा उलटल्या, पाचवीवर त्यांचा हात मंदावला. पोपटला बोलावलं. हे 'कौलाप्रमाणे' कुणी लिहायला सांगितलं, असं विचारलं.

"कुणी नाही, साहेब. मागच्या वर्षीचं बघून लिहितो."

"आणि मागच्या वर्षी?"

"त्याच्या मागच्या वर्षीचं बघून."

या वेळी कचेरीत कुणी हसलं नाही. साहेब सावरले. सुपं ही निव्वळ भेट असावी, असं म्हणाले. भेट आणि जागा यांचा संबंध लागत नाही.

कौशल्याबाईंनी खुर्ची मागे सारली. उभं राहून त्यांनी अख्खा कौल म्हटला, दसऱ्याला म्हणतात त्याच आवाजात. बाहेरच्या रांगेतले लोक दारात येऊन थांबले. शेवटची ओळ म्हणून झाल्यावर त्यांनी सुपं उतरवली आणि साहेबांच्या नोटिशीवर ठेवली, एकावर एक.

"आमच्या शिक्क्यावर कुंकू आहे, साहेब. चूक आमची. तुमच्या शिक्क्यांवर तर नाही ना? ते लख्ख वाचता येतात."

साहेबांनी सुपं बाजूला करायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. घेतली तर पोच द्यावी लागणार होती. ढकलली तर साठ वर्षं कशाबद्दल घेतली, हे सांगावं लागणार होतं. पोपट पोचपुस्तक काखेत धरून उभाच होता.

"घेणार असाल तर त्याला पोच लिहायला सांगा, दरवर्षीची," कौशल्याबाई म्हणाल्या. "घेणार नसाल, तर कौल मोडला असं आपल्या हातानं लिहा आणि खाली सही करा. पाडवा उद्या आहे, आम्हाला बांबू फोडायचाय. बोला, यातलं काय लिहिताय?"