पिवळंजर्द दुःख

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पांढऱ्या कोटातले रेणूमहाराज पहिल्या स्टँडमधली काचेची नळी उंच धरून उभे होते. एका बाईंनी नळीत फुंकर घातली, महाराजांनी दोन थेंब टाकले आणि आतलं पाणी पिवळंजर्द झालं.

"पाहिलंत? हे यांचं दुःख!" महाराज गरजले. मग त्यांनी बाईंच्या जिभेवर औषध सोडलं आणि दुसऱ्या स्टँडमधल्या नळीत फुंकायला लावलं. या वेळी थेंब टाकूनही रंग आला नाही. "संपलं दुःख!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दुःख संपवणं इतकं सोपं, आणि जग उगीच रडत बसलं होतं!

मागच्या रांगेत धाकटी दातओठ खात बसली होती. ती जीवरसायनशास्त्राची संशोधक. शेजारी तिची ताई. नवरा गेल्यापासून ताई नैराश्याच्या गोळ्या घेत होती. मागे तिने त्या स्वतःच्या मनाने बंद केल्या, तेव्हा तिला गच्चीच्या कठड्यावरून धरून आणावं लागलं होतं. आता मागच्या सभेत व्यासपीठावर महाराजांकडून घेतलेल्या औषधापायी गोळ्या पुन्हा बंद होत्या.

"हे मानवी एन्झाइम!" महाराजांनी कोटाच्या खिशातून कुपी काढली. "सिद्धपुरुषाच्या देहातलं! ट्रिप्टोफॅन नावाचं विष खाऊन टाकतं!"

हसावं की रडावं, धाकटीला कळेना. हे एन्झाइम तिच्या रोजच्या कामातलं होतं. माणसाचं जनुक जिवाणूंत घालून ते प्रयोगांसाठी बनवून घेतात. म्हणजे सिद्धपुरुष बिचारे जिवाणू. ते गोठवून ठेवावं लागतं, महाराजांच्या खिशात ते उकडत होतं. पोटात गेलं तर डाळीसारखं पचून जाईल. आणि ट्रिप्टोफॅन कसलं विष? ते रोजच्या अन्नात असतं आणि मेंदूतलं, मन सावरणारं सेरोटोनिन त्यातूनच बनतं. औषध खरंच लागू पडलं असतं, तर दुकानातला माल पळवून दुकानदाराला बरकतीचा आशीर्वाद दिल्यासारखं झालं असतं.

ती उठून पुढे गेली. "महाराज, कुणीही न फुंकता थेंब टाकून दाखवा. आमच्याकडे अशी एक कोरी नळी लावल्याशिवाय निकाल कुणी मानत नाही."

"अश्रद्धेपुढे शक्ती रुसते, बाळ."

"रुसू दे ना. मग रंग येणार नाही. तेच तर बघायचंय."

"टाका की हो! काय बिघडतंय?" पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले.

महाराजांचा हात दुसऱ्या स्टँडकडे सरकला. "तो नाही, पहिला," धाकटी म्हणाली. महाराज घुटमळले, तसे आजोबाच वर चढले आणि त्यांनी थेंब टाकले. पाणी पिवळंजर्द!

"हे कुणाचं दुःख?" आजोबांनी विचारलं.

"कुणाचंच नाही," धाकटी म्हणाली. "या नळ्यांत ट्रिप्टोफॅनवर एन्झाइमचं काम आधीच उरकून ठेवलंय. त्यातून जे बनतं, ते या थेंबांनी पिवळं होतं. दुसऱ्या नळ्यांत नुसतं पाणी आहे."

गलका उसळला. महाराज मागच्या दाराने अंतर्धान पावले. तेवढा एकच चमत्कार अस्सल निघाला.

ताई जागची हलली नव्हती. "मला बरं वाटत होतं गं," ती म्हणाली.

"वाटलं असेल. तुझं दुःख त्याने सगळ्यांसमोर खरं मानलं. आम्ही मात्र 'विसर आता' म्हणत राहिलो. चुकलंच आमचं."

रंग पाहून हात जोडण्याआधी प्रत्येकाने एवढंच विचारावं: मी इथे नसतो, तरी हे असंच घडलं असतं का? ज्याचं औषध खरं आहे, तो या प्रश्नावर चिडत नाही.

"गोळ्या सोडल्या म्हणून डॉक्टर रागावतील," ताई पुटपुटली.

"रागावू देत. मी येते ना बरोबर."

ताईने डोळे पुसले आणि डॉक्टरांना फोन लावला.